होडीला दोन माणसं लागतात

धक्क्यावर त्याला सगळे ‘सरकार’ म्हणत. हे नाव कौतुकाने पडलं होतं की चेष्टेने, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, आणि विचारून घ्यावं असं त्याला कधी वाटलं नाही. त्याचं बसणंच तसं होतं. होडीच्या मागच्या फळीवर एक पाय दुमडून, सुकाणूच्या दांड्यावर कोपर टेकवून तो बसला, की होडी भाड्याने घेणारे पाहुणे त्याच्या दरबारात अर्ज घेऊन आल्यासारखे दिसायचे. कुणी विचारलं, “तिथं पोचायला किती वेळ लागेल हो?” तर तो आधी शिडाकडे बघायचा, मग आभाळाकडे, मग विचारणाऱ्याकडे, आणि म्हणायचा, “वाऱ्याला विचारून सांगतो.”

बाकीच्यांच्या फायबरच्या बोटी होत्या. त्या सकाळी माणसं भरून निघत, सगळ्या बेटांना एकेक चक्कर मारत आणि जेवायच्या वेळेला परत येत. पाहुण्यांच्या हाती काय लागायचं, तर कानात इंजिनाचा आवाज आणि फोनमध्ये फोटो. सरकारची होडी लाकडाची, बापाच्या हातची, शिडावर चालणारी. तीच बेटं बघायला तिला तीन दिवस लागत. गंमत म्हणजे हल्ली लोकांना तेच हवं असायचं. घाईला कंटाळलेली माणसं सुट्टीत हळू जायला भाडं मोजतात, हे सरकारला पटायला फार वर्षं लागली, आणि त्याच्या आयुष्यातलं सगळं दुखणं त्या वर्षांमध्येच आहे.

धक्क्यामागच्या गल्लीत, दोरखंडाच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत माणसं राहायची आणि दुसरीत होडी, म्हणजे तिचं शीड, वल्ही, डांबराचे डबे आणि एक जास्तीचा नांगर, ज्यावर बायकोच्या पायाची करंगळी वर्षातून एकदा तरी आपटायचीच. खिडकीपाशी खिळ्याला फोन टांगलेला असे, कारण रेंज फक्त तिथंच. सगळी बुकिंगं बायको तिथं उभी राहून घ्यायची. होडी सरकारची होती, पण कोण कधी कुठं जाणार हे ठरवणारी ती होती. सरकार कुणाचं, हे धक्क्यावरच्या लोकांना नीट कळलेलं नव्हतं एवढंच.

आता दुखण्याचं सांगायला हवं. सरकारला एक धाकटा भाऊ. सगळे त्याला धाकटाच म्हणत. बाप गेला तेव्हा होडी माल वाहायची: बेटांवर सिमेंट, कौलं, गॅसचे सिलिंडर न्यायचे आणि तिकडून नारळ आणायचे. धाकटा एकदा म्हणाला, “दादा, हे मालाचं काम फार दिवस चालणार नाही. मोठ्या बोटी येणार. आपण पाहुणे फिरवू. होडी भाड्याने देऊ. लोक येतील.” सरकारने सगळ्या धक्क्यासमोर त्याची टर उडवली. म्हणाला, “बापाने होडी ठेवली ती काय टोप्या घातलेल्या लोकांना हवा खायला न्यायला?” लोकही हसले. धाकटा हसला नाही. शब्दाने शब्द वाढला, आणि धाकटा बायकोला घेऊन तिसऱ्या बेटावर गेला, सासऱ्यांच्या जागेत चार खोल्या बांधून पाहुणे ठेवायला लागला.

पुढे मोठ्या बोटी आल्या. मालाचं काम गेलं. सरकारने काही दिवस होडी नुसती बांधून ठेवली, मग एक दिवस कुणाला काही न बोलता तिच्यात गाद्या टाकल्या आणि पाहुणे न्यायला लागला. धाकट्याने सांगितलं होतं तेच, तसंच. पण ‘तुझं खरं होतं’ एवढे तीन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं तर सुंभही जळायचा बाकी होता.

भाऊ बोलत नव्हते, पण जावाजावांचं गूळपीठ होतं. रोज दुपारी खिडकीपाशी उभी राहून बायको जावेशी बोलायची, आणि सरकारच्या होडीतले पाहुणे तिसऱ्या बेटावर मुक्कामाला बरोबर धाकट्याच्याच खोल्यांत जायचे. सरकारला ते माहीत होतं. माहीत नसल्यासारखं तो वागायचा. बेटापाशी आला की कंबरभर पाण्यात नांगर टाकायचा, पाहुण्यांना उतरवायचा आणि स्वतः रात्री होडीतच झोपायचा. धाकट्याच्या वाळूवर त्याने पाय ठेवला नव्हता. जाऊ पाहुण्यांच्या हाती त्याच्यासाठी डबा पाठवायची. “फार तिखट करतात,” असं म्हणत तो डबा बोटाने पुसून खायचा आणि घासून परत द्यायचा.

खरी पंचाईत वेगळीच होती. लाकडाच्या होडीच्या फळ्यांमधल्या फटी दर वर्षी बुजवाव्या लागतात. होडी वाळूवर ओढायची, वर ताडपत्री टाकून आत मिट्ट काळोख करायचा आणि एकाने आत शिरायचं. बाहेर ऊन असतं. जिथं फट उघडी पडलेली असेल तिथं आतल्याला उजेडाचा दोरा दिसतो. बाहेरच्याला काहीच दिसत नाही, पण फटीत सूत ठोकायचं ते बाहेरूनच. म्हणून आतल्याने फळीवर ठोकून सांगायचं. एकदा ठोकलं म्हणजे ‘इथं’. दोनदा म्हणजे ‘अजून, उजेड दिसतोय’. तीनदा म्हणजे ‘बास’. बापाचा दंडक होता की या कामात तोंडाने बोलायचं नाही. बोललेलं लाकडातून नीट जात नाही आणि माणूस भलतंच ऐकतो. सरकार बाहेर आणि धाकटा आत, अशी लहानपणापासूनची वाटणी. धाकटा गेल्यावर आत बसायला कुणी उरलं नाही.

एक वर्ष बायको आत शिरली. ठोकायच्या ऐवजी ती आतून ओरडायची, “अहो, इथं! इथं हो! अहो, मी बोट ठेवलंय ना!” बोट आत, सरकार बाहेर. दोघांचं असं भांडण झालं की दोरखंडवाला दुकान बंद करून वाळूवर बघायला आला. धक्क्यावरच्या कुणाला बोलवावं, तर भाऊ नाही म्हणून माणूस शोधावा लागतो हे सगळ्यांना दिसणार. मग सरकारने आपली युक्ती काढली. आत जायचं, उजेड बघायचा, कडेपासून विती मोजायच्या, बाहेर यायचं, तेवढ्याच विती मोजायच्या आणि तिथं ठोकायचं. काम कसं सुबक व्हायचं! आणि होडी तरी गळायचीच. पुन्हा गळण्यातही खोड अशी, की रिकामी असताना थेंब नाही. माणसं आणि सामान भरलं, वारा लागून होडी डावीकडे कलली, की पाणी. त्यामुळे कुणी बोललं तर सरकार धक्क्यावर रिकामी होडी दाखवायचा आणि म्हणायचा, “बघा, कुठं आहे पाणी?”

यंदा बायकोचा धीर संपला. गावातल्या हॉटेलचा मॅनेजर दोनदा घरी येऊन गेला होता. त्याला होडी हवी होती, पण पाण्यात नको होती. हॉटेलच्या फाटकापाशी ठेवायची, आत माती भरायची आणि फुलझाडं लावायची. “फार छान दिसेल हो,” तो म्हणाला. सरकारने त्याला जिन्यापर्यंत पोचवलं नाही. पण बायको म्हणाली, “ऐका. गेल्या वर्षी एका बाईंची बॅग भिजली, त्याआधीच्या वर्षी लहान मूल रडलं. उद्या कुणाच्या जिवावर बेतलं तर मला झोप यायची नाही. आता ज्या दोघी बहिणी येतायत, त्यांच्या फेरीत पाणी आलं, तर मी मॅनेजरला हो म्हणणार. त्यांची फेरी संपली की तो उत्तर मागायला येतोय.”

“आणि मी काय करू?” सरकारने विचारलं.

“झाडांना पाणी घाला,” बायको म्हणाली. पण बोलताना ती शिडाची घडी हाताने नीट करत होती, हे सांगायला हवं.

दोघी बहिणी ठरल्याप्रमाणे आल्या. थोरली टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली, तिला सगळे ताई म्हणत. धाकटी माई, तिचा शिवणाचा क्लास होता. दोघींनी आयुष्यात पहिल्यांदाच मिळून सुट्टी काढली होती आणि सामान असं आणलं होतं की वनवासाला निघाल्यात. गल्लीच्या तोंडापासून होडीपर्यंत त्यांचं छत्री कुणी विसरली यावर भांडण चाललं होतं. छत्री माईच्या काखेत होती.

पहिली दोन बेटं झकास पार पडली. वारा इतका मंद होता की होडी कललीच नाही. सरकार खुशीत आला, दोघींना दीपस्तंभ दाखवला, बापाच्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या बेटाकडे निघाले आणि वारा लागला. शीड फुगलं. होडी डावीकडे कलली. सरकारने पायाखाली बघितलं, तर फळ्यांवर पाणी चढत होतं.

“ताई, तिकडं बघा, पाणकावळा!” तो म्हणाला. दोघी वळल्या तशी त्याने डबा भरून पाणी बाहेर टाकलं. जरा वेळाने परत पाणकावळा. मग आणखी एक पाणकावळा, जरा लांब. मग एक तर दगडाच्या पलीकडे.

“हा एकच पक्षी आपल्या मागून येतोय का गं?” माईने विचारलं.

“मला तर एकही दिसला नाही,” ताई म्हणाल्या. मग त्या खाली बघून शांतपणे म्हणाल्या, “माई, तुझी चप्पल चालली.”

चप्पल खरंच होडीतल्या होडीत तरंगत पुढे निघाली होती.

“अहो सरकार, होडीत पाणी येतंय हे तुम्हाला माहीत आहे का?”

“लाकडाची होडी आहे ताई. थोडं पाणी पितेच.”

“मग आता तिचं पोट भरलंय.”

छत्रीवरून भांडणाऱ्या माईने ताईंचा हात धरला. “मला पोहता येत नाही हो,” ती हळूच म्हणाली. कुणाला दोष देत नव्हती, नुसतं सांगत होती.

सरकारला आयुष्यात लाज वाटली असेल तर ती त्या वेळी. धक्का मागे, वाऱ्याच्या उलट दिशेला होता. समोर धाकट्याचं बेट होतं, त्याची वाळू, त्याच्या खोल्यांची लाल कौलं. एरवी तो कंबरभर पाण्यात थांबला असता. आज त्याने सुकाणू घट्ट धरलं आणि होडी सरळ वाळूवर घातली. ताई थर्मासच्या झाकणाने पाणी उपसत होत्या आणि माईला म्हणत होत्या, “बघ, छत्रीचा इथंही उपयोग झाला नाही.”

जाऊ धावत आली आणि दोघी बहिणींना वर घरात घेऊन गेली. ओहोटी लागली होती. बघता बघता पाणी मागे गेलं आणि होडी उजव्या कुशीवर, डावी बाजू उन्हात करून वाळूवर कलंडली. सरकारने उरलंसुरलं पाणी उपसलं, ओला सदरा काढून आत डोलकाठीच्या खुंटीला अडकवला. सदऱ्याच्या खिशातला फोन वाजत होता. बायको. त्याने नाव बघितलं आणि फोन परत खिशात ठेवला. वाजायचा थांबला आणि लगेच वर घरात जावेचा फोन वाजायला लागला.

थोड्या वेळाने जाऊ खाली आली. पदराने तोंड पुसत, वाळूकडे बघत म्हणाली, “भाऊजी, जाऊबाई विचारतायत, मॅनेजरला काय सांगू? तो उद्यावर थांबायला तयार नाही, आत्ता घरी येऊन बसलाय.”

“भरती येईपर्यंत बसू दे,” सरकार म्हणाला. “होडी तरंगली तर नाही सांग. नाहीतर सांग, घेऊन जा.”

ती गेली. पलीकडे माडाखाली धाकटा जाळं दुरुस्त करत बसला होता. केस पांढरे झाले होते त्याचे. लांबून दर फेरीला दिसायचा, पण केस लांबून दिसत नाहीत. त्याने मान वर केली नाही.

सरकारने होडीवर ताडपत्री ओढली, आत शिरला, उजेडाचा दोरा शोधला, विती मोजल्या. बाहेर आला, विती मोजल्या. बोट ठेवलं. तिथं गेल्या वर्षीचं त्याचंच काम होतं, खाली त्याच्या आधीच्या वर्षीचं, सगळं कसं ओळीने, घट्ट, कुठं चूक काढायला जागा नाही. त्याने सूत वळलं, छिन्नी लावली आणि ठोकायची लाकडी मोगरी उचलली.

तेवढ्यात आतून फळीवर ठोकल्याचा आवाज आला. एकदाच.

सरकारचा हात वरच राहिला. बोटांनी ठोकलेलं नव्हतं, मुठीच्या कडेने होतं, बाप ठोकायचा तसं. त्याने माडाकडे बघितलं. जाळं वाळूवर पडलेलं होतं, माणूस नव्हता.

परत ठोकलं. एकदा. ‘इथं’. आणि आवाज सरकारच्या बोटाखालून आला नव्हता. चांगला हातभर पुढे, जरा खाली, अशा जागेवरून आला होता जिथं सरकारने इतक्या वर्षांत एकदाही छिन्नी लावली नव्हती.

मग त्याच्या ध्यानात आलं. होडीचं पोट बाहेर आलेलं असतं. आतली वीत आणि बाहेरची वीत सारखी नसते. आतून मोजलेल्या विती त्याने बाहेर मोजल्या आणि दर वर्षी फटीच्या शेजारची धडधाकट जागा बुजवत बसला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! वर पुन्हा आपल्याच कामावर खूश. हसावं की रडावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने छिन्नी उचलली आणि आवाजाच्या जागेवर लावली.

वर ओटीवर दोघी बहिणी चहा पीत बसल्या होत्या.

“ते दोघं भांडलेत का गं?” माईने विचारलं.

“फार,” ताई म्हणाल्या. “आपण बोलून भांडतो. त्यांना तेवढंही जमलेलं दिसत नाही.”

सरकारने ठोकलं. आतून दोनदा आलं. ‘अजून’. त्याने आणखी सूत घातलं, पुन्हा ठोकलं. दोनदा. घामाने डोळे चुरचुरायला लागले. पुन्हा ठोकलं. तीनदा. ‘बास’. मग आतला हात पुढे सरकला आणि पुढच्या जागेवर एकदा ठोकलं. अशी ती सबंध फट दोघांनी मिळून बुजवली. मध्येच कधी तरी सरकारच्या हाताला जुनी लय सापडली आणि आतला हात ठोकायच्या आधीच त्याला जागा कळायला लागली. त्याला इतकं बरं वाटत होतं की काम संपू नये असं वाटलं. पण पाणी परत चढायला लागलं होतं, त्याच्या घोट्यांना लागत होतं. शेवटच्या जागेवर तीनदा आलं. बास.

सरकारने मोगरी खाली ठेवली. आता धाकटा ताडपत्री उचलून बाहेर येईल आणि न बोलता जाळ्याकडे जाईल, हे त्याला दिसत होतं. पण ताडपत्री हलली नाही. आत धाकटा बसूनच होता. मध्ये एक फळी, बोटभर जाडीची.

सरकारने घसा खाकरला. फळीच्या जवळ तोंड नेलं आणि म्हणाला, “बरं झालं आलास.”

आतून दोनदा ठोकलं.

ओटीवर बायका बसल्यात, त्यांना ऐकू जाईल, असं सरकारच्या मनात आलं. मग वाटलं, धाकट्याला हसलो तेव्हा तर सगळा धक्का ऐकत होता.

“तुझं खरं होतं,” तो मोठ्याने म्हणाला. “पाहुण्यांचं. तू सांगितलेलंच करतोय मी. तुझंच खाल्लं मी इतकी वर्षं.”

आतून दोनदा आलं. ‘अजून, उजेड दिसतोय’.

“अजून काय आता?” सरकार चिडला. त्याने कपाळ फळीला टेकवलं. “एकट्याने होत नाही रे धाकट्या. मी करून बघितलं. नाही होत.”

पाणी गुडघ्यापर्यंत आलं, आणि होडी वाळूवरून जराशी उचलल्यासारखी झाली. मग आतून तीनदा ठोकलं. सावकाश, एकेक करून.

आणि नेमका आत खुंटीवरच्या सदऱ्यात फोन वाजायला लागला. या वेळी तो उचलला गेला. फळीतून आवाज नीट येत नाही म्हणतात, पण सरकारला शब्द न् शब्द ऐकू आला.

“हॅलो. हो वहिनी, मीच... होडीतच आहे... नाही, थेंब नाही. त्या मॅनेजरला म्हणावं, फुलं लावायला दुसरं काहीतरी बघ... नाही, रडत नाहीये मी. तुम्ही का रडताय?... नाही वहिनी, दादा बाहेर आहे. मी आत आहे.”